चोपन्न माणसं, पंचावन्न घोडी आणि एक खोटी प्रस्तावना

ठाण्यात राहणारे आणि ऐरोलीला नोकरी करणारे एक तरुण लेखक त्रिंबकजी डेंगळ्यांच्या सुटकेवर कादंबरी लिहीत आहेत. कादंबरीच्या आधी त्यांनी नऊ पानांची प्रस्तावना घातली आहे. ती एका निवृत्त शिक्षकांनी 'संपादक' म्हणून लिहिली आहे असं दाखवलंय. शिक्षक काल्पनिक, त्यांना माळ्यावर सापडलेलं मोडी बाडही काल्पनिक. मसुदा वाचणाऱ्यांनी त्यांना टोकलं: "कादंबरी खोटी असते हे ठीक आहे, पण प्रस्तावना तरी खरी हवी ना? ही वाचकाची फसवणूक झाली. शिवाय ही युक्ती विलायती आहे." त्यांनी मला विचारलंय, ऐतिहासिक कादंबरीकार असं का करतात आणि आपण करावं का?

करावं. पण सध्या आहे तशी प्रस्तावना ठेवू नये. का, ते सांगते. मी स्वतः हा प्रकार दोनदा केलाय, एकदा बरा जमला आणि एकदा चांगलीच फजिती झाली.

आधी तुमचा विषयच घेऊ, कारण उत्तर त्यातच आहे. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. ठपका दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजींवर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने लकडा लावल्यावर पेशव्याने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं आणि ते ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात, येऊन पडले. खबरदारी म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवला होता. नेमकी तीच खबरदारी नडली. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे नोकरीला असलेला मराठी मोतद्दार साहेबाचा घोडा फिरवायला न्यायचा, आणि कैद्याच्या खिडकीखालून जाताना बाहेरची खबर गाण्यातून सांगायचा. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. १२ सप्टेंबर १८१६ ला त्रिंबकजी निसटले.

ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे, पण तिथे गाण्याचे शब्द नाहीत. शब्द येतात कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये छापलं गेलं. हेबरनी त्रिंबकजींना पाहिलं ते चुनारच्या किल्ल्यात, दुसऱ्या कैदेत. त्यांनी दिलेलं गाणं इंग्रजीत आहे, आठ ओळींचं. झुडपामागे तिरंदाज दबा धरून बसलेत, झाडाखाली घोडा आहे, रानवाटेनं माझ्याबरोबर कोण येतो? घोडी पंचावन्न, माणसं चोपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील. असा त्याचा आशय.

आता कादंबरीकाराच्या कानाने हे ऐका. तिरंदाज एकवेळ भिल्ल म्हणून खपतील. पण त्या इंग्रजी ओळींत जो स्वार शोधला जातोय तो सरळसरळ इंग्रजांच्या जुन्या पोवाड्यांतला चिलखती सरदार आहे. हेबर स्वतः कवी होते, त्यांनी रचलेली स्तोत्रं आजही चर्चमध्ये गातात. मोतद्दाराचं गाणं त्यांनी आपल्या छंदात, आपल्या प्रतिमांत ओतून घेतलं. म्हणजे ठाण्याच्या तटाखाली मराठीत गायलं गेलेलं गाणं तुमच्या हाती येतं ते एका पाद्र्याची इंग्रजी कविता म्हणून. ते पुन्हा मराठीत आणणं तुमचं काम.

ते तुम्ही कसं आणणार? तिसऱ्या प्रकरणात मोतद्दाराच्या तोंडी सरळ एक लावणीवजा पद घालून दिलंत, तर वाचक दोनपैकी एक समजेल. एक तर ते खरोखरच जुनं आहे असं, नाहीतर हे लेखकानं काल रात्री जुळवलंय असं. दोन्ही वाईट. पण ते गाणं कोणाला तरी *आठवतंय* असं केलंत, अर्धवट, उतारवयात, दुसऱ्यानं केलेलं भाषांतर ऐकून चिडून, तर ते जुळवलेलं आहे की जुनं हा प्रश्न मागे पडतो. आठवणीत मोडतोड असायचीच. काल्पनिक प्रस्तावना मला लागते ती एवढ्यासाठी: ही गोष्ट कोण सांगतंय, कोणाकडून ऐकून, किती वर्षांनी, आणि आत्ताच का सांगतंय, हे पहिल्या पानाआधी ठरवून टाकण्यासाठी.

पुरावा तयार करण्यासाठी ती लिहू नये. नवे लेखक हीच चूक करतात. बाड कुठे सापडलं, किती पानांचं होतं, कागद जुन्नरी होता की अहमदाबादी, शाई कशी फिकट झालेली, याची नऊ पानं! तुमच्या निवृत्त शिक्षकांनी हेच केलंय. ते गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांचं या गोष्टीत काही अडकलेलं नाही. बाड सापडलं, त्यांनी संपादन केलं, संपलं.

दुसरं कारण भाषेचं, आणि मराठीत हा पेच फार अवघड आहे. १८१६ ची कचेरीतली मराठी फारसी शब्दांनी भरलेली, क्रियापदांची ठेवण वेगळी, विरामचिन्हं नाहीत. ती जशीच्या तशी चारशे पानं चालवली तर तुमचा वाचक दिवा स्टेशनाच्या आधीच उतरून जाईल. आजची लिहिली तर गोऱ्या साहेबाचा कारकून ठाणे-वाशी लोकलमध्ये बोलतात तसा बोलायला लागेल. इटलीच्या मान्झोनीपुढे १८२७ मध्ये हाच पेच होता. त्याची मोठी कादंबरी सतराव्या शतकातल्या लोंबार्डीची आहे. त्याने सुरुवातीलाच एका अनाम जुन्या लेखकाचं हस्तलिखित आपल्याला मिळालंय असा बहाणा केला आणि त्यातला मजकूर त्या काळच्या फुगीर, अलंकारिक शैलीत उतरवायला घेतला. थोडा उतरवल्यावर तो थांबतो आणि म्हणतो, हे मी नकलून काढेन, पण वाचणार कोण? मग गोष्ट तीच ठेवून भाषा आपली वापरायची असं ठरवतो. वाचकाच्या जिभेला जुन्या भाषेची चव एकदा लागते, आणि पुढची सगळी पानं लेखकाला आजच्या भाषेत लिहायची मुभा मिळते. मोडीतून बाळबोधीत उतरवणाऱ्या काल्पनिक माणसाला मराठीत हेच करता येतं. त्यानं एक परिच्छेद अस्सल वळणात द्यावा, मग कबूल करावं की यापुढे मी माझ्या बोलीत सांगतो.

वॉल्टर स्कॉटनेही मध्ययुगीन इंग्लंडवरच्या आपल्या कादंबरीला, जी १८१९ च्या अखेरीस आली, एक अर्पणपत्र जोडलं होतं. लिहिणारा लॉरेन्स टेम्पल्टन नावाचा काल्पनिक गृहस्थ, आणि ज्यांना लिहिलंय ते पुराणवस्तूंचे अभ्यासक रेव्हरंड डॉक्टर ड्रायअ‍ॅझडस्ट. म्हणजे आपल्याकडे 'धूळखाऊशास्त्री' म्हणावं तसं. इतिहासाच्या पंडितांचे सगळे आक्षेप या पत्रात आधीच मांडून त्यांना उत्तरं दिलेली आहेत: भाषा इतकी जुनी नको की कळू नये, इतकी नवी नको की काळ मोडावा. अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये आणताना गालाँनं त्या युरोपी वाचकाला पचतील अशा केल्या, हा दाखलाही टेम्पल्टन देतो. टीकाकारालाच पात्र करून आपल्या अंगणात बसवायचं, ही कल्पना मला फार आवडते. स्कॉट तेव्हा अजून निनावी लिहीत होता, त्यानं आपलं नाव उघडपणे मान्य केलं १८२७ मध्ये. त्यामुळे मुखवट्यावर मुखवटा.

आता 'विलायती युक्ती' या आक्षेपाबद्दल. हा ऐकला की मला हसू येतं. महाभारत कोण सांगतं? नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना सांगतो, त्यानं ते जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाकडून ऐकलेलं, आणि मूळ व्यासांचं. तीन तोंडं ओलांडून गोष्ट आपल्यापर्यंत येते, आणि प्रत्येक तोंडाची नोंद आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागराच्या पहिल्या लंबकाचं नावच 'कथापीठ'. त्यात गुणाढ्याची गोष्ट आहे. तो प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला. 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. पशू चरणं सोडून ऐकत उभे राहिले, ते वाळले, राजाच्या ताटात बेचव मांस येऊ लागलं, म्हणून राजानं चौकशी केली. तो पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. याहून चांगली काल्पनिक प्रस्तावना मला कोणी दाखवावी! पुस्तक का अपुरं आहे, कोणत्या भाषेतलं आहे, कोणाला नको होतं आणि कोणी ऐकलं, सगळं त्यात आहे.

बखरी घ्या. सभासद आपली बखर सुरू करतो ती राजाराम महाराजांनी विचारलं म्हणून. आमच्या वडिलांनी एवढा पराक्रम कसा केला ते लिहा अशी आज्ञा झाली, म्हणून जिंजीला बसून मी लिहितो. ही प्रस्तावना खरी आहे, काल्पनिक नाही. पण तिनं पुढच्या प्रत्येक वाक्याचा सूर ठरवला: थोरल्या महाराजांबद्दल त्यांच्या मुलाला, तेही संकटाच्या काळात, एक जुना सेवक सांगतोय. आपल्या उत्तर कोकणावरची महिकावतीची बखर वेगवेगळ्या काळातल्या हातांनी लिहिलेली. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली तेव्हा कोणता भाग कोणाचा हे उलगडायला त्यांना स्वतःची भलीमोठी प्रस्तावना लिहावी लागली. जुन्या मजकुराआधी कोणीतरी उभं राहून 'हे माझ्यापर्यंत असं आलं' असं सांगणं मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे. ठाण्याच्या वाचकाच्या तर जास्तच. मिठागरांचा धंदा सांभाळून जुनी हस्तलिखितं जमवणारे वि. ल. भावे इथलेच, आणि १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्यांच्याच पुढाकाराचं.

राहिला फसवणुकीचा मुद्दा. हा मात्र खरा आहे, आणि माझी फजिती इथलीच.

माझी दुसरी कादंबरी साष्टीच्या मोहिमेवर होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, तिथून वसई पडेपर्यंतची दोन वर्षं. तिला मी एका काल्पनिक संग्राहकाची प्रस्तावना जोडली. नौपाड्यातल्या एका पाडल्या जाणाऱ्या वाड्यात बाड मिळालं, महालातल्या एका कारकुनानं लिहिलेलं, वगैरे. इथवर ठीक होतं. पण मला अस्सलपणाची हाव सुटली. मी त्या बाडाला एका खऱ्या ग्रंथालयाचा पत्ता दिला आणि रुमाल क्रमांकही, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तराच्या गठ्ठ्याचा क्रमांक, ठोकून दिला. पुस्तक आल्यावर चार महिन्यांनी तिथल्या ग्रंथपालांचा फोन आला, "ताई, तुमचा रुमाल शोधायला आज तिसरे गृहस्थ आलेत. त्यांना मी काय दाखवू?" मी ओशाळून माफी मागितली. पुढच्या वर्षी एका कार्यक्रमाच्या स्मरणिकेत माझ्या कारकुनाचं एक वाक्य 'समकालीन नोंद' म्हणून छापून आलं. त्या वाक्यासाठी मी दोन दिवस घासाघीस केली होती, म्हणून क्षणभर बरंही वाटलं, हे कबूल करते. मग पोटात गोळा आला. आयोजकांना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ. तो अंक काही निघाला नाही.

महाराष्ट्रात इतिहासावरून माणसं किती चटकन हातघाईवर येतात ते तुम्ही जाणता. एका खोट्या नोंदीवरून कोणाचा तरी पूर्वज शूर ठरतो, कोणाचा फितूर. त्यामुळे कादंबरीकारानं इथे हौस म्हणून सैल राहून चालत नाही.

याची सीमारेषा कुठे, हे सांगायला मी दोन माणसांची गोष्ट नेहमी सांगते. होरेस वॉलपोलनं १७६४ मध्ये आपली भयकथा छापली ती इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर म्हणून. मूळ पुस्तक १५२९ मध्ये नेपल्सला छापलेलं, उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, असं सांगून. लोकांना आवडली म्हटल्यावर पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्यानं लेखक मीच असं मान्य केलं. त्यानंतर १७६९ मध्ये चॅटरटन नावाच्या ब्रिस्टलच्या मुलानं पंधराव्या शतकातल्या एका भिक्षूचे म्हणून स्वतः रचलेले कागद त्याच वॉलपोलकडे पाठवले. वॉलपोल आधी हुरळला, मग जाणकार मित्रांनी शंका काढल्यावर त्यानं मुलाला वाटेला लावलं. चॅटरटन १७७० मध्ये मेला, वय अवघं सतरा. दोघांनीही खोटं हस्तलिखित केलं, पण एकानं पडदा वर केला. अर्थात एक सरदारपुत्र होता आणि दुसरा वकिलाकडे उमेदवारी करणारा गरीब मुलगा, हेही विसरून चालणार नाही. मोठ्यांच्या खोटेपणाला लीला म्हणतात.

अमेरिकेत हॉथॉर्ननं १८५० मध्ये फार शहाणपणानं हे केलं. तो स्वतः सेलमच्या जकात कचेरीत नोकरीला होता, १८४९ मध्ये ती नोकरी गेली. आपल्या कादंबरीआधीच्या लांबलचक निबंधात त्यानं त्या खऱ्या कचेरीचं, तिथल्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांचं खरं वर्णन केलं, आणि त्याच कचेरीच्या माळ्यावर आपल्याला एक लाल कापडी अक्षर आणि जुने कागद सापडले अशी थाप मारली. पण पुढे म्हणतो, ते कागद माझ्याकडेच आहेत, कोणाला बघायचे तर खुशाल दाखवीन. म्हणजे चौकशीला येणारा माणूस त्याच्याच दारात येणार, बिचाऱ्या ग्रंथपालाच्या नाही! मी हा धडा उशिरा शिकले. खरी जागा चालेल, खोटी वस्तू चालेल, पण खोट्या वस्तूला खऱ्या दप्तराचा क्रमांक देऊ नये. आणि पुस्तकाच्या शेवटी, स्वतःच्या नावानं, दोन पानं साध्या शब्दांत लिहावीत: यातलं साधनांत काय आहे आणि मी काय रचलंय. प्रकाशक म्हणतील गंमत जाते. जात नाही. वाचक शेवटचं पान शेवटी वाचतो, आणि आधी वाचणाऱ्याला रोखणारे आपण कोण.

माळ्यावरचं बाड मात्र आता खरंच नको. इटलीच्या उंबेर्तो इको यांनी १९८० मध्ये मठातल्या खुनांवरची कादंबरी लिहिली तेव्हाच आरंभीच्या टिपणाला 'अर्थातच, एक हस्तलिखित' असा मथळा देऊन चिमटा काढून ठेवलाय. त्यानंतर गंभीर चेहऱ्यानं पेटारा उघडणं अवघड आहे.

मग तुम्ही काय करावं? पहारेकरी गोरे होते, त्यांना मराठी येत नव्हती. पण त्या किल्ल्यात मराठी कळणारं दुसरं कोणीच नव्हतं का? पाणी भरणारा, कपडे धुणारा, हिशेब लिहिणारा एखादा पोरसवदा कारकून? त्यातल्या एकानं ते गाणं ऐकलं, त्यातला पंचावन्नावा घोडा कोणासाठी हेही त्याला समजलं, आणि तो गप्प बसला. का गप्प बसला, हीच तुमची कादंबरी आहे असं मला वाटतं. त्यालाच प्रस्तावना लिहू द्या. १८१६ मध्ये वीस वर्षांचा असेल तर १८५० च्या आसपास तो पंचावन्नच्या घरात. पेशवाई बुडून तीस वर्षं झालेली, आता कोणी फासावर देणार नाही. त्याचा मुलगा मुंबईला इंग्रजी शिकलेला, तो सुट्टीत घरी येतो आणि बिशपच्या पुस्तकातल्या त्या आठ ओळी बापाला अर्थ सांगत वाचून दाखवतो. बाप ऐकून घेतो आणि म्हणतो, "गाणं असं नव्हतं."

एवढंच कारण पुरे. त्यानं लिहायला का घेतलं, कोणासाठी, कोणत्या रागानं, सगळं आलं. तो स्वतःचा बचाव करतोय की बढाई मारतोय हे वाचकाला नीट कळू नये, म्हणजे पुढे त्याच्या शब्दावर किती विश्वास टाकायचा हे वाचक स्वतः ठरवत राहील. जे तुम्हाला साधनांत मिळालं नाही, ते त्याच्या कानाआड झालेलं. किल्ल्याबाहेर काय घडलं ते त्याला ऐकीव माहीत. तुमची भोकं त्याची भोकं होतील, आणि तुम्हाला वाळवीनं पानं खाल्ल्याचा बहाणा करावा लागणार नाही.

नऊ पानांची चार करा. एक परिच्छेद त्याच्या कचेरीतल्या वळणाचा ठेवा, बाकी सैल बोलू द्या. साल १८५३ करायचा मोह होईल, पण टाळा. ठाण्यावरची प्रत्येक कादंबरी १६ एप्रिलला स्टेशनात जाऊन आगगाडीची वाट बघत उभी राहते. तुमच्या कारकुनाला गाडी बघायची गरज नाही, त्याला घोड्यांचे टाप ऐकू येताहेत.

आणि गाणं पूर्ण देऊ नका. दोन ओळी त्याला पक्क्या आठवतात, तिसरीच्या वेळी साहेबाचा घोडा खिंकाळला होता.